अळंब्याचं पांढरं काड

काही माणसांना फुकटच्या कौतुकाची नशा दारूपेक्षा लवकर चढते. त्यातून अशा माणसाच्या हातात एखाद्या खोलीची किल्ली दिली, तर मग काय विचारता! अळंब्याला कौतुक आणि किल्ली दोन्ही एकदमच मिळाली.

अळंब्या हे त्याचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने हाक मारली तर तो स्वतःही वळून बघत नसे. आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं त्याने घरामागच्या खोलीत अळंबी पिकवण्यात घालवली. गव्हाचं काड वाफवायचं, निववायचं, त्यात बुरशीचं बियाणं कालवायचं आणि पिशव्या भरून टांगायच्या. पिशवी कापसासारखी पांढरी झाली की याचा जीव भांड्यात पडे. अर्धवट पांढरी दिसली की घरात सुतक. धंद्याचं म्हणाल तर गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उरलेला माल रोज बहीणभावांच्याच ताटात. "मेल्या, उद्या माझ्याच अंगावर छत्र्या उगवतील," असं त्याची थोरली बहीण म्हणायची.

या बहिणीला सगळे अक्का म्हणत. तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं आणि त्या बदल्यात तिला काय मिळालं, तर दमा. कापणी झाली की आसपासचे शेतकरी शेतात उरलेलं काड पेटवून द्यायचे. पुढच्या पेरणीला रान मोकळं हवं, आणि काडीपेटीइतका स्वस्त गडी कोण? आठवडाभर आभाळ राखेचं. अक्का खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावून, तोंडावर वाफेच्या यंत्राची नळी धरून कॉटवर बसून राहायची. आडवं झालं की श्वास अडकायचा. गेल्या हंगामात तिला दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, की असा आणखी एक धूर या छातीला झेपणार नाही. आणि बाहेर पेटवणारे कोण? तिचेच शेजारी. भेटायला येताना फळं घेऊन येणारे! असल्या मायेला काय चाटायचंय?

अशात वस्तीबाहेर काडापासून इंधन बनवणारा सहकारी कारखाना उभा राहिला. गंमत अशी की काडाच्या पोटात साखरेचा ऐवज असतो, पण तो बंदोबस्तात. त्याच्याभोवती एक चिवट, लाकडी लेप असतो. एका जातीची बुरशी तो लेप खाते. लेप गेला की आतल्या ऐवजाची साखर करायची, ती टाकीत आंबवायची आणि इंधन काढायचं. जाळायची गरज नाही आणि धूरही नाही. शेतकरी म्हणाले, "आधी चाचणी करून दाखवा. जमलं तर काड तुमचं. नाही जमलं तर काडीपेटी आहेच खिशात."

बुरशी सांभाळायला माणूस हवा होता. अळंब्याशिवाय होतं कोण? त्याला पांढरा कोट मिळाला, बुरशीच्या खोलीची किल्ली मिळाली. 'बुरशीविभाग प्रमुख' ही पाटी मात्र कुणी दिली नव्हती. ती त्याने स्वतःच रंगवून आणली आणि दारावर ठोकली. विभागात माणूस एकच, आणि तोच प्रमुख.

टाकीचं काम एका शिकलेल्या बाईंकडे होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "दादा, काड बोटांत चुरलं की मऊ लागायला हवं. तेवढं झालं की लगेच वाफ सोडा आणि बुरशी मारून टाका. लेप संपला की ती आतल्या ऐवजावर तुटून पडते. मग टाकीत घालायला मला उरणार काय?"

"बाई, तुम्ही बुरशी भिंगातून बघितलीत. मी तिला पोटच्या पोरासारखी वाढवलीय."

"पण तुम्ही अळंबी पिकवत होतात. इथे अळंबी नकोय आपल्याला."

"अर्धी पांढरी बुरशी म्हणजे अर्धं पीक. असलं नाकर्तेपणाचं काम माझ्या हातून व्हायचं नाही."

खोक्यांत भरून बुरशी लावलेलं काड मऊ झालं तेव्हा त्यावर पांढरे ठिपके आणि मधेमधे पिवळटपणा होता. इथेच थांबायचं होतं. पण अळंब्याच्या डोळ्यांना ते खुपलं. त्यात कारखान्याचे अध्यक्ष डोकावून गेले. पाहुणे यायचे होते, फोटो निघायचे होते. "जरा बर्फासारखं दिसू दे की," एवढं बोलून ते गेले. अध्यक्षांना बुरशीतलं काय कळतं? काही नाही. पण बोलायला त्यांचं काय जातं! अळंब्याने खोलीला कुलूप घातलं आणि बाईंनी कितीही दार वाजवलं तरी उघडलं नाही. घरी जेवताना अक्काला म्हणाला, "बाई म्हणते थांबव. मी थांबतोय होय? बघच तू, काय पांढरं होतंय ते!"

झालं खरंच पांढरं. खोकं न् खोकं लग्नाच्या गादीसारखं. पाहुण्यांनी हात लावला, वा वा केलं, अळंब्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले आणि ते गेले. मग हमाल खोकी टाकीकडे न्यायला लागले. एक हमाल खुशीत म्हणाला, "आज ओझं काहीच लागत नाही! भरताना पाठ मोडली होती." ते ऐकून टाकीवाल्या बाईंनी एक खोकं स्वतः उचलून पाहिलं. माल कुठे गेला होता ते त्यांना कळलं. अळंब्यालाही कळलं. पण तो कोटाची बटणं लावत राहिला.

टाकी आंबलीच नाही. साधा बुडबुडाही नाही. निकालाच्या दिवशी आवारात ट्रॅक्टरवाले शेतकरी जमले. अक्काही आली होती, तोंडावर ओला रुमाल धरून. आजचा निकाल तिच्या श्वासाचा होता. अध्यक्ष घसा खाकरत म्हणाले, "काही तांत्रिक कारणांमुळे..." सगळ्यांनी अळंब्याकडे पाहिलं.

आणि हा शहाणा म्हणाला, "काडच ओलं होतं. असला माल आणल्यावर बुरशी काय करणार?"

"आमचं काड ओलं?" एक धिप्पाड ट्रॅक्टरवाला पुढे आला. "खडखडीत वाळलेलं काड घातलंय मी! चला रे, यांच्या नादी लागून पेरणी कशाला लांबवायची? आजच पेटवू."

टाकीवाल्या बाई काहीतरी सांगायला लागल्या, तर अध्यक्षांनी "बाई, घरातल्या गोष्टी चारचौघांत नकोत," म्हणून त्यांना गप्प केलं. ट्रॅक्टर सुरू व्हायला लागले.

अक्काने रुमाल खाली घेतला. "ओलं होतं काय रे? मग त्या दिवशी ताटावर बसून कुठला पराक्रम सांगत होतास? बाई थांबव म्हणतात आणि मी थांबत नाही, असं कोण म्हणालं? मी?"

"अक्का, तू घरी जा. तुला त्रास होईल."

"त्रास आत्ता नाही, संध्याकाळी होईल. हे पेटवतील तेव्हा. बोल!"

धिप्पाड माणूस म्हणाला, "अक्का, तुझं खरं असेल. पण आमच्या मालाला नाव याने ठेवलंय. याच्याच तोंडून येऊ दे."

अळंब्याने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष आभाळाकडे बघत होते. तेव्हा त्याला कळलं असावं, की खांद्यावरचा हात फोटोपुरताच असतो. तो बुटांकडे बघत पुटपुटला, "काड चांगलं होतं."

"मोठ्याने!" अक्का म्हणाली.

"काड चांगलं होतं! बुरशीने आतला ऐवजही खाल्ला. मी खाऊ दिला. पांढरं दिसावं म्हणून."

क्षणभर कुणाला कळेना. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आपण बुरशीला जावयासारखं जेवायला घातलं?" आणि आवारात असा हशा पिकला की ट्रॅक्टरचे आवाज बुडाले. माणसं पोट धरून हसत होती. धिप्पाड माणसाने डोळे पुसत टाकीवाल्या बाईंना विचारलं, "पुन्हा घातलं तर जमेल?"

"वेळेवर थांबवलं तर जमेल."

"थांबवू की! आम्हीच आळीपाळीने येऊन काड चुरून बघतो. याचं तोंड बघायला तरी येऊ."

असा तो निर्णय झाला. हवा, छाती, शेजारधर्म यातलं काही कुणाच्या डोक्यात नव्हतं. एका फुशारक्या मारणाऱ्या माणसाचं नाक कापलेलं पुन्हा बघायला मिळेल, एवढ्यासाठी लोकांनी काडीपेट्या खिशातच ठेवल्या. चांगल्या कामाला माणसं अशीच येतात. ज्यांना याहून थोर कारण हवं असेल त्यांनी दुसरीकडे शोधावं.

काड पुन्हा आलं. पुन्हा पांढरे ठिपके, मधेमधे पिवळटपणा. धिप्पाड माणसाने एक काडी चुरली, दुसऱ्याला दिली, त्याने बाईंना दिली. बाईंनी मान हलवली. "दादा, सोडा वाफ."

अळंब्याचा हात वाफेच्या नळाच्या चाकावर थबकला. "अजून अर्धीच झालीय हो..."

"सोड रे!" दारातून अक्का ओरडली, आणि ओरडून खोकलीसुद्धा नाही.

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं आणि चाक फिरवलं.