आठ बुडं आणि एक तज्ज्ञ

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाही, तुमचा काय भरवसा! चहा संपायच्या आत हा किस्सा भंडाराभर कराल. तसा झालाच आहे म्हणा, तुम्हीच तेवढे राहिला होतात.

आमच्या कारखान्यात प्रेसवर लोखंडी पत्रा दाबून टाक्यांची बुडं करतात. मोठ्या परातीसारखी, खोलगट. राइस मिलवाले उकड्या तांदळासाठी धान वाफवतात ना, त्या टाक्यांची. दाबताना पत्रा वळणावर ताणला जातो, पातळ होतो. फारच पातळ झाला तर फाटायची भीती. म्हणून मालकांनी अल्ट्रासोनिक मशीन आणली. मोबाइलएवढी डबी, तिला वायर, वायरीच्या टोकाला बटणाएवढा प्रोब. पत्र्याला जेल लावायचं, प्रोब टेकवायचा. आवाज आत जातो, पलीकडच्या बाजूवर आपटून परत येतो, आणि जाडी किती ते आकड्यात दिसतं. पत्रा कापायला नको, काही नको!

तिच्यासाठी मी नागपूरला ट्रेनिंग घेतलं. दोन दिवस! दोन दिवसांत माणूस काय शिकणार म्हणता? मी तर सगळंच शिकून आलो.

आल्या आल्या मशीन घरी कशाला नेली, असं विचारू नका. भंडाऱ्यात माणसाची पत पितळेच्या भांड्यांवरून ठरते, आणि आमच्या कारध्याच्या सासऱ्यांनी लग्नात दिलेला पितळी गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, किती दणकट, हे मी दहा वर्षं ऐकत होतो. म्हटलं, एकदा होऊनच जाऊ दे! पितळेतून आवाज लोखंडापेक्षा हळू जातो, म्हणून मशीनला धातू सांगावा लागतो. मी ऐटीत ‘पितळ’ निवडलं आणि गुंडाला जेल फासलं.

“काय चोपडून राहिले जी? प्यायच्या पाण्याचा गुंड आहे तो!” बायको ओरडली.

“विज्ञान आहे हे.”

“मंग ते विज्ञान धुवून आणा आधी!”

गुंड खरंच दणकट निघाला. सासरे जिंकले. त्या दुःखात मी मशीन बंद केली आणि पिशवीत कोंबली. धातू परत ‘लोखंड’ करून ठेवायचा असतो, हा धडा बहुतेक तिसऱ्या दिवशी असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ बुडं तयार. संध्याकाळी तुमसरचे मिलवाले ट्रक घेऊन येणार होते. बुडं केली होती नामदेवकाकांनी. तीस वर्षं प्रेसवर काढलेला माणूस. त्यांची तपासणी म्हणजे बोटाच्या पेरानं टकटक करायचं आणि कान लावायचा. मला तर त्यांची दयाच आली.

पाच मिलिमीटरचा पत्रा, वळणावर साडेचारपर्यंत चालतो. माझ्या मशीनवर आकडा आला तीन पूर्णांक सहा! दुसऱ्या बुडाचाही तोच. आठही बुडं तशीच!

काका म्हणाले, “बाबू, काठाले लावून पाहा. तिथं पत्रा ताणतच नाई.”

लावलं. काठही पातळ! आता एखादा मूर्ख इथं थांबला असता, विचारात पडला असता. मी तज्ज्ञ होतो. मी म्हणालो, “पाहा! नुकसान काठापर्यंत पोचलं!”

तडक मालकांकडे गेलो. “काकांच्या हाताला आता दाब कळत नाही. प्रेसवर दुसरा माणूस बघा.” मालक म्हणाले, “काका, आजपासून तुमी पॅकिंगले बसा.” काकांनी हातमोजे काढले आणि घडी करून प्रेसवर ठेवले. मला क्षणभर कसंसंच झालं. पण विज्ञानाला दया नसते, नाही का?

मग तुमसरला फोन केला. “आठही रिजेक्ट!”

“अबे, धान येऊन पडलं आहे इथं! आता काय तुह्या डोक्यावर वाफवू?”

काका हळूच म्हणाले, “मालक, जायचं तर जातोच मी. पण एक बूड कापून पाहा ना.”

“कापाच!” मी म्हणालो. अंगात आलं होतं ना!

गॅसकटरनं बूड कापलं, कड घासली, जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. चार पूर्णांक आठ. ठणठणीत.

“हे एखादं चुकून चांगलं निघालं असेल,” मी म्हणालो. “दुसरं कापा.”

दुसरंही चार पूर्णांक आठ.

“व्हर्नियर जुना आहे.”

“आता आणखी एक शब्द बोलला,” मालक म्हणाले, “तर तुलेच कापतो!”

काकांनी चष्मा लावून मशीन हातात घेतली. “बाबू, हे कोपऱ्यात काय लिहून आहे? मले इंग्रजी येत नाई.”

मी मास्तरासारखं मोठ्यानं वाचलं, “ब्रास.”

“ब्रास म्हणजे काय जी?”

“पितळ.”

“आन् आपलं बूड कायचं आहे?”

धरणी माझं वजन पेलून तशीच उभी होती, दुभंगायचं नाव घेईना.

धातू बदलला. उरलेली सहाही बुडं पास. मालकांनी काकांची हात जोडून माफी मागितली, हातमोजे स्वतः आणून दिले. पण दोन चांगली बुडं मी कापून ठेवली होती, आणि मालकांनी तुमसरला फोन करून ट्रक संध्याकाळी परत बोलावला होता. दोन नवी करायला काकांना मदतीला माणूस हवा होता. मालकांनी माझ्याकडे बोट केलं.

मी इस्त्रीच्या शर्टात पत्र्याला तेल फासायला लागलो. “काका, चुकलो. खरंच चुकलो,” म्हटलं.

“ते मंग पाहू. इकडून लाव. तिकडून नाई, इकडून!”

शेवटचं बूड प्रेसमधून बाहेर निघालं आणि ट्रक आला. मिलवाले तरातरा आत. “तो मशीनवाला इंजिनियर कुठी आहे? त्याले पाहूनच जातो आज!”

मी बुडामागं वाकलो. केसांपासून बुटांपर्यंत नुसतं तेल. काकांनी मानही वळवली नाही.

“इंजिनियर कोणी नाई जी इथं. मी आहो आन् हा माहा नवा हेल्पर आहे.”

“काम येते का त्याले?”

“शिकून राहिला,” काका म्हणाले. “पितळ कोणतं आन् लोखंड कोणतं, तेवढं वळखते आता.”