पाण्यात चालेल असं कापड

आमच्या घरातून लग्नाला, बारशाला, दवाखान्यात, देवाला, सगळीकडे जाणं व्हायचं. पण नुसती मजा करायला कुठं जायचं, ही गोष्ट सोनपेठजवळच्या आमच्या गावात बोलून दाखवायलाही थोडी लाज वाटायची. म्हणून हैदराबादजवळच्या त्या वॉटर पार्कचं आम्ही ठरवलं तेव्हा सुरुवातीला घरातल्या घरातच ठेवलं.

खूळ आणलं पोरीनं. ती तिसरीत आणि धाकटा बालवाडीत. कुणाच्या तरी मोबाइलवर तिनं पाण्याची ती भलीमोठी, पाइपासारखी पिवळी घसरगुंडी बघितली आणि महिनाभर दुसरं काही बोललीच नाही. पण खरं वेड लागलं ते लेकरांच्या बापाला. यांचं सोनपेठला पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. हे म्हणायचे, "जिंदगीभर पाइप विकले, आत शिरून कधी बघितलं न्हाई. एकदा बघूच." जेवताना मोबाइल ताटाजवळ उभा करून आम्ही चौघं ते व्हिडिओ बघायचो. कुठल्या घसरगुंडीला किती उंची लागते, लहान लेकरांना कुठं सोडतात, सगळं पोरीला पाठ. ती धाकट्याला दाराच्या चौकटीला उभं करायची आणि त्याच्या डोक्यावर पट्टी धरायची. त्याची उंची कमी पडायची आणि तो टाचा वर करायचा.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा चुलीजवळ भाकरी थापत असायच्या. मधूनच वळून बघायच्या. "एवढं पाणी! आन् उन्हाळ्यात!" असं म्हणून परत वळायच्या.

रेल्वेची तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा मी यांना विचारलं, "म्हशीचं काय?"

आमच्याकडे दोन म्हशी आहेत. त्यातली एक अशी खोडकर की आत्याबाईंशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. मी बसले तरी लाथ झाडते.

"माय हाय की," हे म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. आमच्या घरात कितीतरी प्रश्नांना हेच उत्तर असतं. लेकरू आजारी आहे आणि मला शिलाईचं काम द्यायचंय, तरी माय हाय की. लग्नाला जायचंय, घर कोण बघंल, माय हाय की. हे तिकिटं काढत होते आणि मी शेजारी बसून बघत होते. चार नावं घातली. पाचवं नाव माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, हे मी खरं सांगते. पण आलं आणि मी ते आत ओढून घेतलं. कारण मला चौघांतच जायचं होतं. लग्न झाल्यापासून नवरा, लेकरं आणि मी असं कधी कुठं गेलोच नव्हतो. पदर सारखा न करता, कुणाच्या ताटाकडे न बघता, दोन दिवस. मनात आलं, त्यांना तरी काय करायचंय तिथं येऊन? आणि मला बरं वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी शेजारची काकू सकाळ-संध्याकाळ आमच्या गोठ्यात यायला लागली. अंगावर आत्याबाईंचं जुनं हिरवं लुगडं. आत्याबाई तिला म्हशीजवळ बसवायच्या आणि स्वतः म्हशीच्या तोंडासमोर उभ्या राहून पाठीवरून हात फिरवायच्या. पहिल्या दिवशी म्हशीनं बादली उडवली. पुढं हळूहळू लुगड्याच्या वासानं का होईना, ती त्या काकूलाही धार काढू द्यायला लागली. मला वाटलं, आत्याबाईंचा गुडघा दुखायलाय, म्हणून मदतीला बाई तयार करायल्यात. बरंच झालं, असं म्हणून मी मशीनवर बसले. लग्नसराई होती. झंपरांचा ढीग पडला होता.

अशाच एका दुपारी आत्याबाई माझ्या मशीनजवळ येऊन बसल्या. कडेला पिशवी ठेवली, तिच्यातून कागदात गुंडाळलेलं कापड काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. गडद निळं, सळसळीत, नायलॉनचं.

"बाजारातून आणलं," त्या म्हणाल्या. "पोरगी म्हणत होती, तिथं लुगड्यावर पाण्यात सोडत न्हाईत. असलंच लागतं म्हणं. मला एक लांब बाह्याचं, घोळदार असं शिव. भिजलं तरी अंगाला चिकटू नये. आन् खाली सलवार. मी कधी घातली न्हाई, पण तिथं कोण बघायलंय?"

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. क्षणभर मला त्या काय म्हणतायत हेच कळेना. मग सगळं एकदम कळलं. हिरवं लुगडं, शेजारची काकू, म्हशीच्या पाठीवरचा हात. ज्या एका कामासाठी आम्ही त्यांना मागं ठेवणार होतो, त्या कामाची सोय त्यांनी स्वतःच लावली होती. आम्ही त्यांना नेणार नाही, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. घरची माणसं निघालीत म्हणजे आपणही निघालोय, इतकं ते साधं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी टेप उचलली. त्या उभ्या राहिल्या, हात लांब केले. मी खांदा मोजला, छाती मोजली, बाही मोजली. त्या इतक्या वाळल्यात हे मला माप घेताना समजलं. लग्न करून आले तेव्हापासून त्यांचे झंपर मी जुन्या मापावरच शिवत होते.

"जास्त घट्ट नको करू," त्या म्हणाल्या.

"न्हाई करत," मी म्हणाले.

हे दुकानातून आल्यावर मी यांना सांगितलं. हे मोबाइल काढून तिकीट बघायला लागले. त्या गाडीला वेटिंग लागलं होतं. "वेटिंगचं काढून ठेवतो, होईल कन्फर्म," म्हणाले. "तोवर मायला काही बोलू नको."

वेटिंगचा नंबर पुढं सरकेना. हे रोज बघायचे आणि मोबाइल खिशात टाकायचे. मी ते कापड कापून ठेवलं, पण शिवायला घेतलं नाही. आत्याबाई येता-जाता विचारायच्या, "झालं का गं माझं?" मी म्हणायचे, "लग्नाची कापडं आधी द्यायचीत." हे खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

शेवटी ते पोरीच्याच तोंडून निघालं. ओसरीवर सगळे बसलो होतो. आत्याबाई शेंगा फोडत होत्या. पोरीनं बापाचा मोबाइल घेऊन तिकीट उघडलं आणि आता तिला वाचता येतं हे दाखवायला मोठ्यानं नावं वाचली. पप्पांचं, मम्मीचं, स्वतःचं, भावाचं. मग म्हणाली, "आणि आजीचं कुठंय? आजीचं नावच न्हाई."

हे जमिनीकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी आत्याबाईच बोलल्या. जराही न थांबता.

"अगं, मी कुठं यायलेय? म्हशी कोण बघंल?"

"पण तू तर म्हणालीस..."

"ते आपलं गमतीनं. म्हातारीला काय करायचंय पाण्यात?"

शेंगा फोडायचा हात थांबला नाही. थोड्या वेळानं उठून त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ते कापड वाया जाऊ देऊ नको. पोरीला फ्रॉक शिव त्याचा."

त्या मला ओरडल्या असत्या, यांच्याशी अबोला धरला असता, तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आमचीच लाज राखली. संध्याकाळी शेजारची काकू ते हिरवं लुगडं नेसून आली तेव्हा तिला म्हणाल्या, "आता नको येऊ गं, माझं जाणं राहिलं." तिनं कारण विचारलं, तर गुडघ्यावर ढकललं. मी गोठ्याच्या दारात पेंडीची पाटी घेऊन उभी होते. तिथून मागं फिरले.

दुसऱ्या दिवशी हे दुकान उघडायच्या आधी परभणीला गेले. घरातल्या घरात तिकिटावरचं नाव बदलून मिळतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दुपारी आले आणि बुटाची लेससुद्धा न सोडता म्हणाले, "माय, तुझं तिकीट झालं."

"वेटिंगचं झालं का?" मी विचारलं.

"न्हाई. माझ्या जागेवर."

आत्याबाई चिडल्या. मी त्यांना यांच्यावर इतकं चिडलेलं कधी बघितलं नाही. "बाप राहील आन् आजी जाईल? लोक काय म्हणतील? मला न्हाई जायचं, किती बार सांगू?" हे ऐकेनात. दुकानात माल यायलाय, असं काहीतरी कारण सांगितलं. ते कारण त्या क्षणी तयार केलेलं होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पाइपातून जायचं सगळ्यांत जास्त वेड ज्याला होतं, तोच राहिला. धाकटा रडला. त्याला पप्पा पाहिजे होते. आत्याबाईंनी ते रडणं ऐकलं आणि मला तेही सहन होईना.

त्याच दिवशी मी त्यांचे कपडे शिवून काढले. इतका सुबक गळा मी नवरीच्या झंपरालाही काढला नसेल. पण शिवताना वाटत राहिलं, हे शिवून काय भरून निघणार आहे?

म्हशीसाठी शेजारच्या काकूला परत सांगितलं आणि गेलो. मी एकटीनं लेकरं घेऊन एवढ्या लांब कधी गेले नव्हते, आत्याबाई होत्या म्हणून धीर होता. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याशी त्या त्यांच्या हिंदीत बोलल्या, "बच्चे साथ हैं भय्या, सीधा ले चलो," आणि तो हसत सरळ घेऊन गेला.

पार्कच्या बाथरूममध्ये कपडे बदलून त्या बाहेरच येईनात. मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "कसं तरी दिसायलंय." मी म्हणाले, "इथं गावचं कुणी न्हाई." मग खांद्यावर टॉवेल घेऊन आल्या. निळा घोळदार अंगरखा, खाली सलवार, कपाळावरचं गोंदण तसंच. पोरगी टाळ्या वाजवत म्हणाली, "आजी, तू मॅडम दिसायलीस!" त्या लाजल्या. लाटांच्या हौदात आम्ही चौघं हात धरून उतरलो. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, तसं धाकट्याला मी कडेवर घेतलं. भोंगा वाजला आणि पहिली लाट आली तेव्हा त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. लाट गेली. त्या नाकातोंडातलं पाणी पुसत म्हणाल्या, "आणिक येती का?"

तेवढंच. कारण पोरीला पिवळ्या घसरगुंडीवर जायचं होतं आणि धाकट्याला तिथं सोडत नव्हते. बाप असता तर एकानं एकाला सांभाळलं असतं. मी आत्याबाईंकडे बघितलं. मी काही म्हणायच्या आधीच त्या म्हणाल्या, "जा तुमी. मी हाय याच्याजवळ." पोरीचं एकीवर भागलं नाही. रांगा मोठ्या होत्या. आम्ही परत आलो की दोघं त्याच बाकावर. ऊन सरकेल तसे तेही सरकत होते. त्यांचा निळा अंगरखा कधीच वाळून गेला होता. धाकटा त्यांच्या मांडीवर झोपलेला, आमच्या पिशव्या त्यांच्या पायाशी, चपला ओळीनं लावलेल्या. मी म्हणाले, "तुमी जा आता पाण्यात, मी बसते." त्या म्हणाल्या, "आता नको, ह्यो उठंल."

घरी राहून त्यांनी जे केलं असतं तेच मी त्यांना एवढ्या लांब आणून करायला लावलं होतं.

परतीच्या गाडीत सकाळी नांदेड सोडल्यावर मी चहा घेतला, एक त्यांना दिला. लेकरं झोपली होती. खिडकीबाहेर उन्हाळ्यातली काळी रानं पळत होती. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आत्याबाई, आमचं चुकलं. तुमाला आधी इचारायला पाहिजे होतं."

त्यांनी चहा फुंकला. "इचारलं असतं तर मीच न्हाई म्हणले असते," त्या म्हणाल्या. "म्हशी हायत, घर हाय. पण इचारायचं असतं गं." मग माझ्याकडे न बघता, "तुला चौघांतच जायचं होतं. मला काय कळत न्हाई? मी बी सून होते. यात्रेला निघालो की माझ्या सासूचा गुडघा दुखावा, असं मला वाटायचं."

मी मान वर करू शकले नाही. त्या हसत होत्या की नाही, हेही मी बघितलं नाही. त्यांना कळलं होतं, कदाचित माप घेतलं त्याच दिवशी. तरी त्या हात लांब करून उभ्या राहिल्या होत्या.

परभणीला हे फलाटावर उभे होते. धाकट्यानं डब्यातूनच त्यांच्या अंगावर उडी टाकली. पोरगी घसरगुंडीचं सांगायला लागली, कुठं अंधार होता, कुठं पोटात गोळा आला. हे प्रत्येक वळण पुन्हा विचारून घेत होते, डावीकडे का उजवीकडे, पाइप केवढा रुंद, आत पाणी किती. मग आईकडे वळून म्हणाले, "माय, तुला आवडलं का?"

"लय," आत्याबाई म्हणाल्या. "लाट आली का न्हाई, असं वाटायलं आता वाहूनच जाते." आणि त्या एका लाटेचं त्यांनी इतकं सांगितलं, इतकं सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं, दिवसभर त्या पाण्यातच होत्या. मी पिशव्या उचलल्या आणि रिक्षा बघायला पुढं गेले.