धर्माचे कान आणि कोर्टाचा टोल

पनवेलच्या कोर्टात काय तुंबत नाही ते विचारा! खटले तुंबतात, अर्ज तुंबतात, पावसाळ्यात मागची मोरी तुंबते. त्याच्या जोडीला किस्से तुंबतात. निकाल लागलेला खटला निदान दप्तरखान्यात जातो. किस्सा कुठे जाणार? तो वकिलाच्या डोक्यातच मुक्काम ठोकतो आणि जेवताना आठवतो. मग बायको म्हणते, "एकटेच काय हसताय? आमटी सांडतेय!"

एस.टी. नवी नवी होती तेव्हाचे हे दिवस. मी वकिली करत होतो, म्हणजे बाररूमच्या बाकावर बसून पुढची तारीख मिळण्याची वाट बघत होतो. त्या बाकाला ढेकूण होते आणि त्यांचीही सनद झाली असावी इतके ते जुने होते. पुढे जे सांगतो त्यात थोडं मीठ मी घातलंय. पनवेलचा माणूस, दाराशी मिठागरं, मिठाला काय तोटा!

*

मारामारीचा खटला म्हटला की सरकारी दवाखान्याचे डॉक्टर साने साक्षीला आलेच. कुणाचंही डोकं फुटो की पाय मोडो, सान्यांच्या दाखल्यावर एकच मजकूर असे: "साधी दुखापत. बोथट हत्यार." आम्हाला तो पाठ होता.

एकदा शिरढोणच्या एका म्हाताऱ्याला शेजाऱ्याच्या बैलाने ढुशी दिली. दाखला तोच! आमच्या न्यायाधीशांना सगळे रावसाहेब म्हणत. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "डॉक्टर, शिंग बोथट होतं हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

साने थकलेल्या आवाजात म्हणाले, "रावसाहेब, टोकदार असतं तर म्हातारा माझ्याकडे आला नसता. थेट स्मशानात गेला असता."

रावसाहेबांनी ते लिहून घेतलं!

*

आता बापूसाहेब. आमच्या बारमधले सगळ्यात ज्येष्ठ वकील. काळा कोट उन्हाने हिरवा झालेला, आवाज मात्र देवळातल्या पुराणिकासारखा गंभीर. त्यांची उलटतपासणी ऐकायला अलिबागहून वकील येत.

साक्षीदार म्हणायचा, "नाय सायेब, मी तितं नवतोच."

बापूसाहेब शांतपणे म्हणायचे, "बरोबर. म्हणजे तुम्ही मान्य करता!"

"अवं, मी नाय बोललो!"

"बरोबर. आता पुढचा प्रश्न."

असं चार वेळा झालं की साक्षीदाराला घाम फुटायचा. मी तिथे होतो की नव्हतो, हे त्याचं त्यालाच कळेनासं व्हायचं, आणि शेवटी तो खरोखरच मान्य करून टाकायचा. आम्ही तरुण वकील आपसात म्हणायचो, "समोरच्याच्या उत्तराला काडीची किंमत द्यायची नाही. याला म्हणतात उलटतपासणी!"

मी ती पद्धत एकदा वापरून पाहिली. रावसाहेबांनी मला खाली बसवलं.

*

या बापूसाहेबांच्या विरुद्ध मी उभा राहिलो तो धर्माच्या कामात. धर्मा ओवे गावच्या डोंगरातल्या दगडखाणीत सुरुंग भरायचा. एक दिवस इशाऱ्याची शिटी न वाजताच सुरुंग उडाला आणि धर्माचे दोन्ही कान गेले. ठेकेदाराने त्याला घरी बसवलं. घरी पोरं, म्हातारी आई, आणि कमावणारी एकटी बायको. ती हिराबाई त्याच खाणीत खडी फोडायची. आम्ही भरपाई मागितली. ठेकेदार म्हणाला, "सोंग आहे!" आणि त्याने बापूसाहेबांना उभं केलं.

खाणीच्या गदारोळात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. हिराबाई कोर्टात धर्माच्या समोर बसून रावसाहेबांचा प्रश्न हातांनी त्याला सांगायची. त्यावरही ठेकेदाराचा मुकादम ओरडला, "बाई त्याला पढवतेय!"

नेमके त्याच सुमारास मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजातले विद्यार्थी खाणकामगारांचे कान तपासायला ओव्याला आले. सुरुंगाने कानाचं काय होतं, यावर त्यांच्या प्रोफेसरांचं संशोधन चाललं होतं. मला वाटलं, देवच धावून आला!

देव कसला! मुकादमाने आदल्या दिवशीच गावात पिल्लू सोडलं, "ज्याचा कान खराब निघंल त्याचं काम बंद." मग काय, विद्यार्थी पाठीमागे उभा राहून काही पुटपुटला की पुढचा माणूस ठोकून द्यायचा, "हाय! येतंय ऐकू!" विद्यार्थ्याने तोंड उघडायच्या आधीच काही जण म्हणाले, "हाय हाय, समदं येतंय!"

अहवाल तयार झाला: कामगारांची श्रवणशक्ती उत्तम. ठेकेदाराने त्याची नक्कल मिळवून थेट कोर्टात दाखल केली.

मी हिराबाईला म्हटलं, "बाई, आता अवघड आहे."

ती म्हणाली, "वकील, त्या पोरांनी आमाला इचारलं, ऐकू येतं का. पोट भरतं का, ते कुनी इचारलं नाय."

*

पुढच्या तारखेला मुकादमाने स्वतःचं डोकं चालवलं. धर्मा पिंजऱ्यात उभा असताना तो मागून किंचाळला, "साप! साप!"

आमचं कोर्ट कौलारू, साप नवीन नव्हता. कारकून टेबलावर चढला. मी बाकावर. पट्टेवाला गोपाळ दाराबाहेर. रावसाहेब खुर्चीवर पाय वर घेऊन मांडी घालून बसले आणि तशाच अवस्थेत म्हणाले, "ऑर्डर!"

धर्मा जागचा हलला नाही. हलले नाहीत ते बापूसाहेबही. शांतपणे कागद उलटत राहिले.

"काय धीर आहे!" कारकून टेबलावरून म्हणाला. "याला म्हणतात जुनं हाड!"

धर्माच्या न हलण्याची नोंद घ्या, असं मी म्हणालो. रावसाहेब म्हणाले, "सापाचीही घ्यावी लागेल. पुढची तारीख."

*

शेवटी मी मुंबईला जाऊन खुद्द प्रोफेसरांनाच गाठलं. आपल्या अहवालाचं ओव्यात काय झालं ते ऐकून त्यांनी कपाटातून कान तपासायचं यंत्र काढलं. मग म्हणाले, "मी येतो."

आले, पण त्यांचं आवाज करणारं चावीचं यंत्र एस.टी.त राहिलं आणि महाडला गेलं. वाटेत ते आपोआप सुरू झालं आणि कंडक्टरने बॉम्ब समजून अख्खी गाडी रिकामी केली म्हणतात!

प्रोफेसर डगमगले नाहीत. त्यांनी रावसाहेबांना समजावलं, "ऐकू येणारा माणूस गोंगाटात आपोआप मोठ्याने बोलतो. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येईनासा होतो म्हणून. हे तो ठरवून करत नाही, आणि ठरवून थांबवणंही फार कठीण. पार बहिऱ्याचा आवाज मात्र आहे तसाच राहतो. त्याला बोलत ठेवा आणि जवळ जबरदस्त आवाज करा."

रावसाहेबांनी व्हरांड्यातला तासाचा टोल उतरवून आणायला सांगितलं. गोपाळने ती पितळी थाळी धर्माच्या कानामागे धरली. काय बोलायचं ते हिराबाईने हातांनी सांगितलं: सुरुंग कसा भरतात, ते.

धर्मा बोलू लागला, "पयलं भोक पाडायचं. मंग दारू भरायची. मंग वात…"

गोपाळने हातोडा हाणायला सुरुवात केली. त्याची बढती अडकली होती. सगळा राग त्या टोलावर निघाला! कौलांवरची कबुतरं उडाली. रावसाहेब ओरडले, "लिहून घ्या!" कारकून ओरडला, "काय?" मी ओरडलो, "आवाज बघा!" मुकादम ओरडला, "बंद करा!"

धर्मा विहिरीतून पाणी काढावं तशा एका लयीत बोलत होता, "मंग शिटी वाजते. मंग समदे पलतात. त्या दिवशी शिटी वाजलीच नाय…"

आणि त्याच वेळी बापूसाहेब उठून उभे राहिले. नेहमीच्या गंभीर, संथ आवाजात, एक सूरही न चढवता म्हणाले, "रावसाहेब, आमची हरकत आहे. हा इसम सोंगाड्या आहे. त्याला सगळं ऐकू येतं."

गोपाळचा हात थांबला.

प्रोफेसर धर्माकडे बघत होते. त्यांनी हळूच मान वळवली आणि बापूसाहेबांकडे बघितलं. मग रावसाहेबांनी बघितलं. मग मी.

सगळे आपल्याकडे का बघतात ते बापूसाहेबांना कळेना. त्यांनी टोलाकडे पाहिलं, गोपाळच्या हातातल्या हातोड्याकडे पाहिलं, कारकुनाने कानांत घातलेल्या बोटांकडे पाहिलं. आणि सावकाश खाली बसले.

रावसाहेबांनी ओठ ठळक हलवत विचारलं, "उलटतपासणी?"

"नाही," बापूसाहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

*

धर्माला भरपाई मिळाली. हिराबाई पेढे घेऊन बाररूममध्ये आली तेव्हा बापूसाहेब कोपऱ्यात पुस्तकं बांधत होते. मला म्हणाले, "दामू, किती वर्षं ओढली रे. आता पुरे. या वयात दुसरं काय येतंय मला, ते मात्र ठाऊक नाही."

हिराबाईने पेढा त्यांच्यापुढे धरला. "बापूसायेब, आमच्या खानीत निम्मे असेच हायत. कुनी काम सोडत नाय."

त्यांना काही कळलं नाही. तिने पुडा खाली ठेवला आणि तेच हातांनी सांगितलं. बापूसाहेब त्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा सांग."

पुढच्या महिन्यात एका बांधाच्या भांडणात बापूसाहेब उलटतपासणीला उभे राहिले. साक्षीदार म्हणाला, "मी तितं नवतो."

बापूसाहेबांनी पुढच्या बाकाकडे नजर टाकली आणि म्हणाले, "नव्हतात? मग कुठे होतात?"

साक्षीदार गडबडला. अख्खं कोर्ट गडबडलं!

पुढच्या बाकावर लुगड्याचा पदर खोचून हिराबाई बसली होती. रावसाहेबांनी चष्मा काढला. "बापूसाहेब, या बाई कोण?"

हिराबाईचा हात हलला.

बापूसाहेबांनी कोटाची बटणं लावली, रावसाहेबांकडे वळले आणि आवाज जराही न चढवता म्हणाले,

"माझ्या ज्युनिअर!"