उंब्रजचा दहावा

"दहा म्हणजे दहा, शेगुला! नऊला दहा म्हणायला हा काही आठवड्याचा बाजार नाही."

"मग मी तरी काय म्हणतेय, भावोजी? दहाच म्हणतेय. तुम्ही नऊ, आणि हायेमजी दहावा."

"तो धरायचा नाही."

"का? उभं राहायला त्याला पाय नाहीत?"

"प्रश्न पायांचा नाही. आजीचा आहे."

शेगुलाबाई नारळ खवत होत्या. खवणीवरचा हात त्यांनी थांबवला नाही, फक्त जोर वाढवला. चव्वेचाळीस सालचा हिवाळा, साताऱ्यातल्या दोन खोल्या आणि समोर खुर्चीवर थोरले दीर सॅम्युएलराव पुगावकर. सरकारी रस्त्यांचे ओव्हरसियर म्हणून त्यांनी अठ्ठावीस वर्षं सातारा ते सांगली खडी मोजली होती. पेन्शन सुरू झाली तरी मोजणी सुटली नव्हती. लग्नात, मयतीत, जेवणाच्या पंगतीत, कुठेही बसवा, अर्धा इंच कमी भरलेला दगड त्यांच्या नजरेला पहिला पडायचा.

आज तो दगड होता उंब्रजचा हायेमजी तेली.

घरं इस्रायली, म्हणजे मराठी यहुद्यांची होती. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून नोकऱ्यांच्या मागे घाटावर आलेली. वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून कोकणात लोक त्यांना शनवार तेली म्हणत. सॅम्युएलराव हे मोठ्या अभिमानानं सांगत, पण सांगताना 'तेली' गिळत आणि 'शनवार' तेवढा ठेवत. आता जातीत कारकून होते, मास्तर होते, गार्ड होते. घाणा एकाचाच उरला होता, हायेमजीचा.

"त्याची आजी उंब्रजची कुणबीण होती," सॅम्युएलराव म्हणाले. "आजानं लग्न करून आणली. तेव्हापासून ते घर काळं इस्राएल. आपण गोरे."

शेगुलाबाईंनी दिराकडे पाहिलं. सॅम्युएलराव अठ्ठावीस वर्षं उन्हात उभे राहिलेले गृहस्थ होते. त्यांच्या शेजारी डांबराचं पिंप ठेवलं असतं, तर पिंप उजळ दिसलं असतं.

"दिसतंय," त्या म्हणाल्या.

स्वतः शेगुलाबाई मुन्शिपाल्टीच्या दवाखान्यात नर्स होत्या. नवरा तापानं गेला तेव्हा पोर चार वर्षांचं होतं. दिरानं सांगितलं, कोकणात माहेरी जा. त्या गेल्या नाहीत. सुईणपणाची परीक्षा देऊन कामाला लागल्या. अर्ध्या साताऱ्याची नाळ त्यांनी कापली होती. शनिवारी काम करायचं नाही, हा धर्म. पण पोरं पंचांग बघून येत नाहीत. म्हणून शनिवारीही जायचं, फक्त त्या दिवशीचे पैसे घ्यायचे नाहीत, असा तोडगा त्यांनी परस्पर काढला होता. देवानं हरकत घेतली नाही, सॅम्युएलरावांनी घेतली. शेजारच्या रंगूबाई तर म्हणायच्या, "आमच्या आळीतल्या बाया शनवारपातूर कळा दाबून धरत्यात, फुकाट बाळंतपण हुतंय म्हनून!"

तेच चार वर्षांचं पोर, एलाझार, घरातला एलू, मोठं होऊन लष्करी इस्पितळात कंपाउंडर झालं आणि गेल्या हिवाळ्यात आराकानच्या बाजूला बॉम्बखाली गेलं. तार आली, मागून त्याचं घड्याळ आलं. कद्दीश तेवढा राहिला. मेलेल्या माणसामागं म्हणायची ही प्रार्थना. तिच्यात मरणाचा शब्दसुद्धा नाही, नुसती देवाची थोरवी. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. दहा पुरुष लागतात, 'आमेन' म्हणायला. आईचं आमेन त्यात धरत नाहीत.

"पनवेलच्या प्रार्थनालयात करू," असं सॅम्युएलराव तेव्हा म्हणाले होते. मग चळवळीत रूळ उखडले, मग मोटारीला पेट्रोल नाही, मग रजा नाही. आज वर्ष भरत होतं. आज रात्री कद्दीश झाला नाही, तर एलूच्या नावानं पहिलं वर्ष मुकंच जाणार होतं. शेगुलाबाईंनी महिनाभर पत्रं लिहून माणसं जमवली होती. मिरजेचा गार्ड, सांगलीचे मास्तर आणि त्यांचे भाऊ, फलटणचे गुरांचे डॉक्टर, असे सॅम्युएलरावांना धरून नऊ. दहावा पनवेलहून मोटारीनं निघाला होता. आणि दिराला न विचारता त्यांनी एक कार्ड उंब्रजलाही टाकलं होतं.

"पनवेलचा येतोय ना? मग हा कशाला?" सॅम्युएलरावांनी खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली. आवाज एकदम ओला झाला. "अगं, दिवस काय आहेत! हे वाच. युरोपात आपल्या माणसांना वेचून काढताहेत. दारात येऊन विचारतात, आजा कोण, आजी कोण. एक आजी इस्रायली निघाली तरी संपलं! माणुसकी उरली नाही, शेगुला."

"आजी विचारतात?"

"आजी!"

"कोणाच्याही?"

"कोणाच्याही! निर्लज्ज!"

"आणि तुम्ही भावोजी, हायेमजीचं काय विचारता?"

सॅम्युएलरावांनी वर्तमानपत्राची घडी पुन्हा घातली. आधीच्या मोडीवर ती नीट बसेना.

"ते वेगळं," ते म्हणाले. "ते राजकारण आहे. हे आपलं घरचं."

दुपार कलली तशी माणसं आली. बाहेर काळोखी वाढत चालली होती. आत खिडकीजवळची जागा सांगलीची की फलटणची यावर हळू आवाजात वाद चालला होता. सॅम्युएलरावांनी रेशनच्या हापिसातून रॉकेलच्या दोन बाटल्या आणायचं कबूल केलं होतं. त्यांनी त्या बाटल्यांचा अर्ज आणला होता. कंदिलात होतं तेवढ्यावर भागवायचं ठरलं. परातीत पोहे, खोबरं, गूळ कालवून प्रसादाचा मलिदा तयार होता. साखर कुठली मिळायला! शेगुलाबाईंनी रीतीप्रमाणे वर एक लाल गुलाब ठेवला.

तेवढ्यात रंगूबाई मोटारअड्ड्यावरून धापा टाकत आल्या. "नर्सबाय! पुन्याकडची मोटार खंबाटकीत बसली! त्यो कोळशाचा ग्यास न्हवं, चढंना झालाय. पाशिंजरं ढकलायला लागल्यात म्हनं. सकाळशिवाय काय येत न्हाई."

मास्तरांनी बोटांवर माणसं पुन्हा मोजली.

"किती कमी पडत्यात?" रंगूबाईंनी विचारलं.

"एक."

"येकच? आवं, आमच्या आळीतनं धा बाप्ये आनते! तुमच्या हातनंच तर जगात आलेत मुडदे. सांगाल तिथं आमीन म्हनतील."

"तसं नाही चालत, रंगूबाई."

"का? आमच्यात काय इख हाय?"

"त्यांच्या आज्यांचा प्रश्न आहे," शेगुलाबाई म्हणाल्या आणि दिराकडे बघितलं नाही.

बैलगाडीचा आवाज त्याच वेळी दारात थांबला. हायेमजी पहाटेचा उंब्रजहून निघाला होता. साठीचा माणूस, घाण्याभोवती फिरून फिरून उजवा खांदा खाली आलेला, हातात तेलाचा डबा. आत आला नाही. पायरीवर बसला, सवयीनं.

"आत या, हायेमजी."

"र्‍हाऊ द्या नर्सबाय, हितं बरं हाय. वारा लागतुय."

माघाच्या थंडीत त्याला वारा हवा होता.

आई कामावर, म्हणून एलू लहानपणी सुट्टीत त्याच्याकडेच असायचा. घाण्याच्या लाटेवर, बैल ओढतो त्या आडव्या लाकडावर बसून बैलामागं गोल गोल फिरायचा आणि हायेमजी फिरता फिरता त्याच्याकडून प्रार्थना घोकून घ्यायचा. पोर घरी यायचं ते करडईच्या तेलाचा वास घेऊन. सॅम्युएलकाकांनी त्याला रुमालावर अत्तर टाकून दिलं होतं.

आता सॅम्युएलरावांनी टोपी हातात घेतली. ते उठले असते, तर हायेमजीला धरूनही नऊच उरले असते, हे खोलीत सगळ्यांना कळत होतं. ओव्हरसियर गणितात पक्के होते.

"जा, भावोजी," शेगुलाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. दवाखान्यात बाईला 'आता जोर कर' म्हणताना लागायचा तोच आवाज. "पण एलूला मी काय सांगू तेवढं सांगून जा. माणूस कमी पडला म्हणू, की काका कमी पडले म्हणू?"

सॅम्युएलराव बसूनच राहिले. मग अठ्ठावीस वर्षांची सरकारी नोकरी त्यांच्या मदतीला आली.

"उंबरठ्यावर!" ते म्हणाले. "तो उंबरठ्यावर उभा राहील. म्हणजे आत नाही, बाहेर नाही. प्रार्थनेला दहा भरतील आणि जातीच्या वहीत नऊच राहतील. कोणाची हरकत?"

कोणाचीच नव्हती. सांगलीच्या मास्तरांना तर हा तोडगा इतका आवडला, की त्यांनी मान दोनदा हलवली. हायेमजी मुकाट्यानं उंबरठ्यावर उभा राहिला. तिथं आत यायला जागा होती आणि बाहेर जायलाही होती. नीट उभं राहायला तेवढी नव्हती. रंगूबाई बाहेर पायरीवर बसल्या आणि तोंडात पदर धरून हसल्या.

सॅम्युएलरावांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं, एलाझारचं नाव घेतलं. अर्ध्या पानावर कंदील भपकला, काजळला, विझला.

"रॉकेल!"

"अर्जात आहे," शेगुलाबाई अंधारातून म्हणाल्या.

"दिवा कुठाय नर्सबाय?" हायेमजीनं विचारलं. शनिवारच्या आदल्या सांजेला लावायचा काचेचा दिवा कोपऱ्यात टांगलेला होता. तेल त्याच्या डब्यात, दिवा आत. उंबरठ्यावरून हात पुरेना. तो आत आला. कोणी अडवलं नाही, कारण दिसत नव्हतं. त्यानं वात चाचपली, तेल घातलं, काडी ओढली. पिवळा उजेड आधी त्याच्या हातांवर पडला, मग परातीवर, मग नऊ तोंडांवर. उजेड आला तेव्हा तो खोलीच्या मधोमध उभा होता.

सॅम्युएलरावांनी पुस्तक दिव्याजवळ नेलं, लांब धरलं, तिरपं धरलं. अक्षरं मुंग्यांएवढी. घसा खाकरला. शब्द अडला. पुन्हा खाकरले. नऊ माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि शेगुलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. एवढं जमवून आता पान दिसेना!

"यितगद्दल," हायेमजी म्हणाला.

कद्दीशचा पहिला शब्द. त्यानं पुस्तकाकडे पाहिलं नाही. मग पुढचा शब्द आला, मग पुढचा. उच्चार उंब्रजचे होते, चाल घाण्याची होती, एकाच संथ गतीनं फिरत जाणारी; पण कुठं अडली नाही. बापानं बैलामागं फिरवत फिरवत पाठ करून घेतलेलं, त्यानं एलूकडून करून घेतलेलं. पहिलं आमेन मिरजेच्या गार्डानं दिलं, शिट्टीसारखं ठणठणीत. मग सगळ्यांनी. दुसऱ्या आमेनला शेगुलाबाईंनी कान लावून ऐकलं: सर्वांत शेवटी, जाड, घोगरं, एक आवाज मागून आला. तो थोरल्या दिराचा होता.

शेगुलाबाईंचं स्वतःचं आमेन धरायचं नव्हतं. तरी त्यांनी ते म्हटलंच, ओठांत. बाहेरून रंगूबाईंचंही 'आमीन' आलं, चुकीच्या जागी.

प्रार्थना संपली. माणसं मलिद्याकडे वळली. परातीला सर्वांत जवळ हायेमजी होता, म्हणून तोच द्रोण भरत गेला आणि ज्याच्या त्याच्या हातात देत गेला. फलटणच्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा मागितला.

"उच्चार फार अशुद्ध," सॅम्युएलराव मास्तरांना म्हणाले. "दोन ठिकाणी तर चूकच."

"व्हय जी," हायेमजी म्हणाला. "बैल बिचकला की चुकतुय कवाकवा." आणि त्यांच्याही हातात द्रोण ठेवला.

शेगुलाबाई दिव्यापाशी आल्या. "भावोजी, एक विचारायचंय. तुम्ही मोजणीतले, म्हणून."

"विचार."

"आज खोलीत किती होते? नऊ, की दहा?"

मास्तरांचा द्रोण तोंडापाशी राहिला. सॅम्युएलरावांनी हिशेब करून पाहिला असावा. नऊ म्हणावं, तर पुतण्याचा कद्दीश झालाच नाही. दहा म्हणावं, तर उंब्रजची कुणबीण आजी आजपासून मिटली. त्यांनी हायेमजीकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या एलूच्या तसबिरीकडे पाहिलं.

"सांगा की, भावोजी. मला वहीत लिहायचं नाही. कानांनी ऐकायचंय."

सॅम्युएलरावांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, चष्मा डबीत घातला, दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या देववचनाच्या नळीला बोट लावून ते ओठांना टेकवलं आणि हायेमजीनं भरलेला द्रोण खाली न ठेवता, हातात तसाच धरून, रंगूबाईंना वळसा घालून पायऱ्या उतरून गेले.