स्प्रिंगांत कोंबलेला फोम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या दाजींचा कान गेलेला नव्हता. तो गेला असं मी म्हणालो, लोकांनी ते मानलं, आणि शेवटी दाजींनीही मानलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. केजजवळच्या युसूफ वडगाव या गावी असतात. भीमगीतांच्या गायनपार्टीत ते बेंजो वाजवायचे, आणि तो जोडायचे गिटारच्या एका जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला. सोलापूरकडचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा तिथून आणलेला, लाकडी खोक्याचा, दोघांनी मिळून उचलायचा. पार्टीत त्याला नुसतं ‘मशीन’ म्हणत. त्याच्या तळाशी एक लांबट पत्र्याचा डबा होता आणि डब्यात दोन बारीक स्प्रिंगा टांगलेल्या. बेंजोचा आवाज त्या स्प्रिंगांतून थरथरत जायचा आणि हात थांबला तरी मागे रेंगाळायचा. दाजी म्हणायचे, “आडात तोंड घालून हाळी दिल्यावानी येतंय बघा.” कडवं संपून गाणारा श्वास घ्यायला थांबला की ती रिकामी जागा हा आवाज भरून काढायचा. त्या तेवढ्या जागेसाठी लोक दाजींना लांबून बोलावून न्यायचे.

केजला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ होते तेव्हा रेडिओ, नंतर टीव्ही, आता बहुतेक डीजेवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर. एका वर्षी जयंतीच्या कार्यक्रमांआधी दाजी मशीन घेऊन आले.

“पावणं, मशीन लई गरजतंय. ट्रॉलीवर स्टेज असतंय, पोरं नाचली की फळ्या हालतात आन ह्यातून ढग फुटल्यावानी धडाड! गाणारा म्हणतो, मास्तर, पाऊस घरी ठिवून येत जा.”

मी तो डबा उघडला. असला डबा मी त्याआधी कधी उघडला नव्हता. तेवढं जरी म्हणालो असतो तरी पुढचं टळलं असतं. पण दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, आणि समोर दाजी. अक्काचं लग्न झाल्यापासून आमच्या घरात दाजींच्या शब्दाला जो मान होता तो मला कधी मिळाला नाही. वडील माझ्यासमोर म्हणायचे, “जावई माणसात वाजवतोय, आन तू पेचकस घेऊन कोपऱ्यात.” त्या दिवशी तो जावई माझ्या स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. मला ते बरं वाटलं.

स्प्रिंगा सैल झुलताना दिसल्या, आणि सैलपणा हाच बिघाड असं मी ठरवून टाकलं. शेजारी गाड्यांच्या सीटा शिवणारा होता, त्याच्याकडून फोमच्या पट्ट्या आणल्या आणि स्प्रिंगांच्या खालून-वरून कोंबून डबा बंद केला. खोक्यावर बुक्की मारली. आवाज नाही.

“घ्या दाजी. आता ट्रॉलीवर हत्ती नाचवा.”

दोन-तीन दिवसांनी समाजमंदिरात त्यांची तालीम होती, तिथून त्यांनी मला बोलावून घेतलं. सगळी पार्टी बसलेली, अक्का चहा घेऊन आलेली. दाजींनी एक सूर वाजवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“गरजणं गेलं. पर आवाज कोरडा झालाय. आड बुजल्यावानी. आणखी एकदा उघडून बघता का?”

पार्टीतला गाणारा, दाजींचा जुना दोस्त, म्हणाला, “मला तर तसाच लागतोय. कानात कापूस घातला का बे?”

सगळे हसले. मीही हसलो, आणि म्हणालो, “दाजी, मशीनला काय झालं न्हाई. वय झालं आता. कान दाखवा एकदा.”

मशीन दुरुस्त करणाराच असं म्हणतोय म्हटल्यावर तो विषय तिथंच मिटला. दाजी एवढंच म्हणाले, “असंल.”

महिनाभरात मला कळलं. मोबाइलवर एकजण तसलाच डबा उघडून दाखवत होता. स्प्रिंगा सैल झुलायलाच पाहिजेत, आवाज रेंगाळतो तो त्यामुळेच. हादरे लागू नयेत म्हणून फोम घालायचा तो डब्याच्या खाली, बाहेरून. डब्याच्या आत नाही. झाकण उघडून पट्ट्या उपसायच्या, एवढंच काम होतं. केजहून वडगाव काही लांब नाही. मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ असंही म्हणालो नाही, उगीच खोटं कशाला सांगू. मी जायचंच नाही असं ठरवलं होतं. चार लोकांत बोललेला शब्द मला परत घ्यायचा नव्हता.

तोवर दाजी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टरनं तपासून सांगितलं, वयाच्या मानानं कान चांगला आहे. दाजींनी त्यातलं ‘वयाच्या मानानं’ तेवढंच धरलं. आपल्याला ऐकू येत नाही असं धरून ते बेंजो जोरात मारू लागले, तारा तुटू लागल्या, मशीनचा आवाज चढवू लागले. गाणारा चिडायचा. पुढच्या जयंतीला पार्टीनं कीबोर्डवाला घेतला. अक्कानं फोनवर सांगितलं, “बेंजो कापडात बांधून माळ्यावर ठिवला. काय ईचारलं की म्हणतात, मला कुठं ऐकू येतंय.”

हळूहळू ते तसेच वागू लागले. लग्नात मागच्या खुर्चीवर बसायचे. फोन अक्काच्या हातात द्यायचे. मी काही बोललो की आधी अक्काकडे बघायचे, मी काय म्हणालो ते तिनं सांगावं म्हणून. मी बसून ते बघत राहायचो.

यंदा भाची मशीन आणि बेंजो दोन्ही दुकानात घेऊन आली. “मामा, पप्पा म्हणाले, भंगारात नको, मामाच्या कामाला येईल.”

ती गेल्यावर मी डबा उघडला. फोम सडून चिकट झाला होता, तो लागला तिथं तिथं स्प्रिंगा गंजल्या होत्या, टोकाची केसासारखी तार तुटली होती. तो डबा दुरुस्त होण्यापलीकडे गेला होता. लांबी मोजून, मीटर लावून त्याच मापाचा नवा पुण्याहून मागवला, बसवला, खाली फोम दिला. बुक्की मारली, गरजला नाही. मग बेंजोची एक तार छेडली आणि हात उचलला. आवाज आडातून यावा तसा मागून आला. दाजी जे जे म्हणाले होते ते शब्दन् शब्द खरं होतं.

मशीन टेम्पोत घालून मी वडगावला नेलं. दाजी ओट्यावर बसले होते. वायर जोडून बेंजो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी दोन सूर वाजवले आणि थांबले. माझ्याकडे बघितलं.

“मला तर पहिल्यावानी लागतंय. पर माझ्या कानाचं काय खरं? तुमी सांगा पावणं, चांगला येतोय का?”

अक्का दारात उभी होती. आता बोलायचं होतं. सगळं जुळवून आणल्यासारखं समोर होतं.

“चांगला येतोय,” मी म्हणालो.

“मग असंल,” म्हणाले, आणि बेंजो बाजूला ठेवला. मी चहा पिऊन निघालो.

नवा डबा बसवून माझं देणं फिटलेलं नाही. ज्या समाजमंदिरात मी बोललो तिथं, अक्कासमोर आणि त्या पार्टीसमोर, मला म्हणायचं आहे: दाजी, तुमचा कान बरोबर होता, चूक माझी होती, आणि महिनाभरातच मला ती कळली होती. हे मी अजून म्हटलेलं नाही.