सहा झालेला सात

सत्तरच्या दशकाच्या शेवटी रामदासपेठेतल्या एका सरकारी कार्यालयात मी पावसाच्या नोंदींसाठी फोरट्रानमध्ये प्रोग्राम लिहीत असे. आमच्या साहेबांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली त्यांचे स्वतःचेच सुविचार.

एका आठवड्याच्या तक्त्यात कुही या पर्जन्यकेंद्रानंतरच्या सगळ्या केंद्रांची रोजची सरासरी फुगून आली. साहेबांनी दोन मिनिटांत निकाल दिला: कार्ड पंच करणाऱ्या बाईने प्रोग्रामच्या कार्डावर आठवड्याच्या दिवसांचा ७ ऐवजी ६ मारला. ती हंगामी होती. तिच्या मुदतवाढीचा कागद साहेबांपुढेच पडून होता, आणि चूक तिची, असा अहवाल मी लिहायचा होता.

"सातच मारला जी मी," ती म्हणाली. "कार्ड पाहून घ्या नं भाऊ. भोकं काय मी घरून आणून राहिली का?"

पाहिलं. सातच होता.

मग मी साहेबांनी लिहिलेलं सबरूटीन, म्हणजे मुख्य प्रोग्रामचा मदतनीस तुकडा, वाचलं. साहेबांचं लिखाण तपासायची पद्धत आमच्याकडे नव्हती. मुख्य प्रोग्राम त्याला आठवड्याचे दिवस म्हणून ७ देई. एखाद्या दिवसाची नोंद नसली की ते त्यातून एक वजा करी. कुहीची एक नोंद आली नव्हती. इथवर ठीक. पण आमचं मशीन सबरूटीनला साताची नक्कल देत नसे, सात जिथे ठेवलाय त्या जागेचा पत्ता देई. सबरूटीनने तिथे जाऊन मूळ साताचाच सहा केला. पुढे प्रोग्राममध्ये जिथे जिथे ७ लिहिला होता, तिथे सहा निघाला. अख्ख्या जिल्ह्याचा आठवडा सहा दिवसांचा झाला, आणि सातऐवजी सहाने भागल्यावर सरासरी फुगणारच.

"सात हा स्थिरांक आहे," साहेब म्हणाले. "माझ्या जन्माआधीपासून तो सात आहे."

"तुमच्या सबरूटीनपर्यंत होता, साहेब."

मी तिच्याकडूनच एक छोटा प्रोग्राम पंच करून घेतला: सबरूटीनला ७ आणि एक रिकामी नोंद द्यायची, मग ७ छापायचा. कागदावर ६ आला.

"आता मशीनले मेमो द्या म्हणा," ती म्हणाली.

साहेबांनी अहवालातले 'साहेबांच्या सबरूटीनमुळे' हे शब्द खोडून 'तांत्रिक कारणाने' लिहायला सांगितलं. तांत्रिक कारण म्हणजे पंचिंग, हे वरच्या कार्यालयात शिपायालाही ठाऊक होतं. मी खोडलं नाही.

"मग मी सही करणार नाही."

"माझी झालीय, साहेब. तेवढ्यावर जाईल."

गेला. तिला मुदतवाढ मिळाली. माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी 'उद्धट' असा शेरा आला. वस्तुस्थिती तीच असल्यामुळे मी त्याविरुद्ध अपील केलं नाही.