पाहुण्याचं पाणी

मेंढपाळाच्या घरातला रामेश्वर रसायनशास्त्रज्ञ झाला, पण म्हणजे नेमकं काय झाला, हे वैजापूरकडच्या त्याच्या वस्तीला कधी उमगलं नाही. "मेंढरं सोडून पोरगं जर्मनीत खडे चाळतंय," असं वस्तीतले भिकनमामा चारचौघांत सांगत. ते फार चुकीचंही नव्हतं. पाण्यातलं फ्लोराइड धरून ठेवणारे पांढरे दाणे रामेश्वर बनवत असे; अर्धं वर्ष जर्मनीतल्या विद्यापीठात, अर्धं तेव्हाच्या औरंगाबादेतल्या प्रयोगशाळेत.

हे वेड त्याला घरच्या बोअरनं लावलं. दुष्काळ पाठोपाठ येत गेले, बोअर खोल खोल गेलं आणि तळच्या खडकातलं फ्लोराइड पाण्याबरोबर वर आलं. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं ताठरतात. त्याची आई मंजुळाबाई उठताना भिंत धरू लागली होती. त्यानं तिला शहरात आणून पाहिलं. शहराच्या कडेच्या, सातारा परिसर नावाच्या वस्तीत इमारतींवर इमारती चढत होत्या आणि नळ आठवड्यातून एकदा खोकत होता. "पान्यावाचून मरायला इतक्या लांब कशाला यायचं?" म्हणत ती परत गेली.

मग रामेश्वरनं आपले दाणे भरलेला फिल्टर तिच्या ओट्यावर बसवला.

"माय, प्यायचं पानी ह्यातलंच घ्यायचं."

"व्हय रं बाबा."

दरवर्षी तो नवे दाणे भरी आणि जुने तपासायला जर्मनीला नेई. दुसऱ्या गावांत बसवलेल्या फिल्टरांतले दाणे काही महिन्यांत फ्लोराइडनं भरून जात; आईच्या घरचे वर्षानंतरही जवळपास कोरे. गडी हुरळून गेला. आपल्या दाण्यांना मरणच नाही, असं त्याला वाटलं. त्यावर निबंध छापून आले, परिषदेत टाळ्या पडल्या, तिकडची नोकरी पक्की झाली. किती पाणी गाळलं गेलं, हे मात्र हा विद्वान आईच्या एका 'व्हय'वर धरून चालला होता.

पुढच्या उन्हाळ्यात तो आला, तर तिची पाठ वाकली होती आणि मान वर होत नव्हती. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून फ्लोराइडचंच नाव घेतलं. रामेश्वर त्यांच्याशी भांडून घरी आला.

दुपारी भिकनमामा टेकायला आले. मंजुळाबाईनं फिल्टरची तोटी सोडून त्यांना तांब्या भरून दिला. स्वतः कोपऱ्यातल्या माठात पेला बुडवला. माठात बोअरचं पाणी होतं.

"माय! तू हे पेतीस?"

"मग? ते पानी लई गोड हाय, आल्यागेल्याला देते."

"आन् तू?"

"मी रोज पेले तर तुझे दाने झिजत्याल ना. इतक्या लांबून आनतोस. चांगलं पानी पावन्याला, आपल्यात असंच असतंय. समदे म्हनत्यात, मंजुळाच्या लेकानं नाव काढलं."

नाव काढलं होतं खरं. आईनं न प्यालेल्या पाण्यावर काढलं होतं. रामेश्वरला हुंदका आवरेना. भिकनमामा तांब्या तसाच ठेवून बाहेर गेले.

"काय झालं रं? रडतोस का?" मंजुळाबाई मान उचलू पाहत होती, ती उचलेना. तिला लेकाचे फक्त पाय दिसत होते.

मग रामेश्वर तिच्या पुढ्यात जमिनीवर उताणा पडला, तिला त्याचं तोंड दिसावं म्हणून.